मुंबईच्या सुधारणेचा हिशेब

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत मुंबईची निम्म्याच्या आसपास वस्ती गावाकडे पळाली. १८९१ च्या जनगणनेत शहरात ८,२१,७६४ माणसं होती. १९०१ ला ती ७,७६,००६ भरली, तीही गिरण्यांचा पसारा वाढत असताना. घरात शिरून घेतलेल्या झडत्या, भिंतींवर ओढलेला चुना, ऊन आत यावं म्हणून काढलेली कौलं, राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर मारलेली ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरं, या सगळ्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. त्या मानाने प्लेगने मागे ठेवलेल्या एका संस्थेकडे मराठीत फारसं लक्ष गेलेलं नाही. १८९८ च्या कायद्याने स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही ती संस्था. परळ, आग्रीपाडा, नागपाडा इथल्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळींच्या नावात ती अजून टिकून आहे. एकीकडे दादर-माटुंग्याची झाडांनी झाकलेली वसाहत आणि दुसरीकडे नागपाडा, डोंगरी, कामाठीपुरा. एकीकडे मरीन ड्राइव्ह आणि दुसरीकडे वरळीच्या चाळी, ही मुंबईची तफावत सगळ्यांच्या नजरेसमोर असते. तिचा खुलासाही ठरलेला असतो: सुधारणा एका भागात पोचली, दुसऱ्यात पोचायची राहिली. गेल्या सव्वाशे वर्षांचे कागद मात्र निराळं सांगतात. सुधारणा दोन्हीकडे पोचली होती. शहराच्या जमिनीने शहर सुधारण्याचा खर्च स्वतःच भागवावा, ही अट पहिल्या दिवसापासून तिच्या गळ्यात होती आणि बरीचशी विषमता त्या अटीतूनच निपजली.

ट्रस्टचा नमुना ग्लासगोचा. तिथे १८६६ च्या कायद्याने दाट वस्त्या विकत घेऊन पाडण्याचं काम सुरू झालं होतं. मुंबईत सरकारने आणि महापालिकेने आपल्या मालकीच्या रिकाम्या जमिनी ट्रस्टकडे दिल्या, महापालिकेने दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची होती आणि बाकीचा पैसा कर्जरोख्यांतून उभा करायचा होता. कर्ज फेडायचं कशातून? सुधारलेल्या जमिनीचे भूखंड भाडेपट्ट्याने देऊन. ट्रस्टच्या मंडळावर सरकारी अधिकारी होते, नगरसेवक होते, पोर्ट ट्रस्ट, व्यापारी मंडळ आणि गिरणीमालक संघ यांचे प्रतिनिधी होते. ज्यांच्या खोल्या पाडायच्या होत्या त्या भाडेकरूंच्या वतीने बसलेला कुणी नव्हता. त्या काळात ही गोष्ट कुणाला खटकलीही नसावी, कारण महापालिकेचा मतदारच मुळी कर भरणारा होता.

काम नागपाड्यापासून सुरू झालं. मग प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे दोन रुंद रस्ते जुन्या वस्तीतून पश्चिम-पूर्व काढायचे ठरले. पश्चिमेचा समुद्रवारा कोंदट गल्ल्यांत खेळवावा, हा त्यामागचा उद्देश. आज ते शामलदास गांधी मार्ग आणि सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहेत, आणि समुद्रवाऱ्यापेक्षा मोटारींचा धूर तिथे जास्त खेळतो. वाटेतली घरं ताब्यात घेताना १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मालकाला बाजारभाव आणि वर पंधरा टक्के मिळत. बाजारभाव ठरे भाड्याच्या उत्पन्नावरून. म्हणजे ज्या घरमालकाने एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं कोंबून भाडं वाढवलं होतं, त्याला नुकसानभरपाईही त्या मानाने मोठी. ज्या गर्दीला रोगाचं मूळ म्हणून पाडलं, तिचा पूर्ण मोबदला ट्रस्टने मोजला. ट्रस्टच्या अधिकाऱ्यांनाच हे डाचत होतं. भाडेकरूला मात्र खोली सोडायची नोटीस मिळे. त्याने जावं कुठे, तर ट्रस्टने बांधलेल्या चाळीत, असं कागदावर होतं. पण चाळी पाडापाडीच्या मागून बांधल्या गेल्या, पाडलेल्या खोल्यांपेक्षा संख्येने कमी पडल्या, आणि होत्या आग्रीपाड्यासारख्या ठिकाणी. मशीद बंदरच्या हमालाला पहाटे गोदीच्या दारात उभं राहायचं असे. पायधुणीच्या तांबटाचं गिऱ्हाईक पायधुणीतच होतं. उधारी देणारा वाणी, महिन्याच्या हिशेबाची खानावळ, एकाच गावच्या माणसांनी वर्गणीने धरलेली खोली, धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या खलाशांचे कूड (सामाईक निवास), ही सगळी व्यवस्था पायी चालण्याच्या टप्प्यात बांधलेली होती. त्यामुळे घर पडलं की माणसं शेजारच्या गल्लीत शिरली. तिथली गर्दी वाढली, भाडं वाढलं, आणि काही वर्षांनी ती गल्लीही पाडण्याच्या यादीत येण्याच्या लायकीची झाली.

यावर पहिला आक्षेप असा की निदान हवा-उजेड तरी आला. तो आला, आणि हे हातचं राखून कबूल करण्याचं कारण नाही. ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर उजेडाचं गणित मांडलं. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त कोन करू नये, असा त्यांचा नियम. साध्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. चाळीस फुटी इमारतीसमोर वीस फूट. १९१२ च्या सुमारास ऑर हे आकृत्या काढून लोकांना समजावत होते. एका नोकरशहाने तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या वाट्याचं आकाश अंशांत मोजावं, ही त्या काळाला शोभा देणारी गोष्ट आहे. आजची उंच पुनर्वसन संकुलं या मापाने तपासली तर शरमेने मान खाली जाते. गोवंडी-मानखुर्द भागातल्या काही पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. तिथल्या खालच्या मजल्यांवरच्या अंधाऱ्या, वारा नसलेल्या घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध २०१८ च्या एका अभ्यासाने दाखवून दिला. तेव्हा ऑर यांच्या हेतूबद्दल शंका नाही. अडचण हेतूच्या पुढची आहे. मोकळं अंतर सोडलं की त्याच जमिनीवर खोल्या कमी बसतात. कमी खोल्यांचा खर्च भाड्यातून काढायचा तर भाडं वाढतं, किंवा फरक कुणीतरी भरावा लागतो. ट्रस्टच्या हिशेबात तो भरणारा कुणी नव्हता. म्हणून उजेड ज्याला परवडेल त्याच्याकडे गेला. तरी जिथे ट्रस्टने स्वतः चाळी बांधल्या तिथे त्या मजबूत होत्या. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले, आणि त्यांचं सुरुवातीचं मोठं सार्वजनिक काम त्या दोन खोल्यांतून चाललं.

काही वर्षांतच ट्रस्टलाही कळलं की जुन्या वस्त्या विकत घेऊन पाडणं आतबट्ट्याचं आहे. मग धोरण बदललं. दाट वस्तीवर थेट घाला घालण्याऐवजी उत्तरेकडे, दादर-माटुंगा-सायनकडे, शेतजमिनी आणि वाड्या स्वस्तात घ्यायच्या, रस्ते-गटारं घालून भूखंड पाडायचे आणि लोकांना तिकडे ओढायचं. विचार असा होता की ऐपतदार माणूस गिरगाव-भुलेश्वरची खोली सोडून दादरला जाईल, त्याची खोली त्याच्याखालच्या ऐपतीच्या माणसाला मिळेल, आणि असं होत होत सर्वांत खालच्या पायरीवरच्यालाही थोडी जागा सुटेल. दादर-माटुंगा उत्तम वसलं यात वाद नाही. मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टच्या मागे लागून पारशी समाजासाठी १०३ भूखंड राखून घेतले आणि पाच बागांभोवतीची ती कॉलनी आजही शहरातल्या सर्वांत देखण्या वस्त्यांपैकी आहे. शेजारी हिंदू कॉलनी झाली, माटुंग्याला दक्षिणेकडून आलेल्या कारकून-टंकलेखकांचं बस्तान बसलं. मराठी मध्यमवर्गाला ब्लॉकमध्ये, स्वतःच्या न्हाणीघरासह राहण्याची सवय मुख्यतः याच पट्ट्यात लागली. त्याबद्दल या वर्गाला दोष देण्याचं काही कारण नाही. कारकुनालाही घर हवंच होतं. पण तो खोल्या सुटण्याचा सिद्धान्त खरा ठरला नाही. नव्या ब्लॉकांत राहायला आलेले पुष्कळसे भाडेकरू मुळात शहरालाच नवे होते. त्यांनी मागे सोडलेली खोली मद्रास इलाख्यात होती, भुलेश्वरला नव्हे. आणि गिरगावात जी खोली रिकामी झाली ती कमी भाड्याने कुणी देईना. तिला वाढीव भाडं देणारा व्यापारी पोटभाडेकरू मिळत होता. भूखंड चांगल्या भाडेपट्ट्याने गेले, ट्रस्टचं कर्ज फिटण्याची वाट दिसू लागली आणि ज्यांच्या नावाने कायदा झाला होता ते मांडवी-डोंगरीत होते तिथेच राहिले. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

यावर कुणी म्हणेल की सरकारने जमिनीच्या नफ्याकडे न पाहता कामगारांची घरं बांधून पाहिली होती आणि तो प्रयोग फसला. हा आक्षेप सर्वांत भक्कम आहे. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी भडकली की १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) काढलं. त्याच्याकडे कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचं काम होतं. शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीवर एक रुपया जकात बसवून त्याचा काही भार भागवायचा होता. खोल्या झाल्या साधारण साडेसोळा हजार. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२, अशा २०७. प्रत्येक चाळ तळमजला आणि वर तीन मजल्यांची, मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर वीस, एकूण ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, संडास-मोऱ्या सामाईक. वरळीच्या चाळी कित्येक वर्षं ओस पडल्या होत्या. गिरणीपासून लांब, जवळ बाजार नाही, भाडं कामगाराच्या आवाक्याबाहेर, त्यात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गिरण्यांनाच मंदीचा फटका बसलेला. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने तिथे कैदी ठेवले, यापरती शोभा काय असणार! पाहणाऱ्यांनी निष्कर्ष काढला की गरिबांसाठी सरकारने घरं बांधणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं.

याच खात्याने त्याच वर्षांत प्रत्यक्षात पाणी भरून काढण्याचं कामही हाती घेतलं होतं, आणि निष्कर्ष तपासायला दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही. बॅकबेमध्ये भर घालून ११४५ एकर जमीन काढायची ती योजना. खर्च हाताबाहेर गेला, गाळ उपसणाऱ्या यंत्रांचा अंदाज चुकला, वकील खुर्शेद नरिमन यांनी गैरव्यवहार चव्हाट्यावर मांडले, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. अखेर ४४० एकरांच्या आसपास जमीन पदरात पडली आणि काम थांबवावं लागलं. म्हणजे एकाच खात्याच्या दोन्ही योजना अर्धवट राहिल्या, दोन्हींत तोटा झाला. पुढे काय घडलं? बॅकबेच्या तोट्याला वेळ मिळाला. दहा-पंधरा वर्षांत त्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या इमारतींची रांग उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर उरलेल्या भागात पुन्हा भर पडली आणि नरिमन पॉइंट झालं, ज्यांनी योजनेचे वाभाडे काढले त्यांच्याच नावाने. वरळीच्या खोल्याही भाडं उतरल्यावर आणि वस्ती सरकल्यावर भरल्या, इतक्या भरल्या की एकेका खोलीत पाळीपाळीने झोपावं लागे. त्या फसल्या नव्हत्या, त्यांना उशीर झाला होता, जसा बॅकबेला झाला. पण ५०,००० पैकी राहिलेल्या तेहतीस हजारांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पुढे गृहनिर्माण मंडळाने वसाहती बांधल्या, पण गिरणगावाच्या मधोमध एवढ्या मोठ्या प्रमाणावर भाड्याच्या सार्वजनिक खोल्या परत झाल्या नाहीत. तोटा सोसायची तयारी कुणाच्या बाबतीत दाखवली गेली, एवढाच काय तो दोन्हींतला फरक.

ही सगळी जुनी गोष्ट म्हणावी, तर गिरण्यांच्या जमिनीचं प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत झालं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. साठेक गिरण्यांच्या ताब्यात शहराच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मालक पुढे आले नाहीत. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी गिरणीच्या एकूण जमिनीची न राहता फक्त मोकळ्या जमिनीची झाली. वरवर किरकोळ दिसणारी ही दुरुस्ती एका उदाहरणाने नीट कळते. समजा गिरणीची जमीन पंधरा एकर आहे. आधीच्या नियमाने पाच-पाच-पाच. आता त्या पंधरांपैकी बारांवर साचेखाते, गोदामं, चिमणी, कचेरी उभी असेल तर मोकळी जमीन तीनच एकर. शहराला एक, म्हाडाला एक आणि मालकाला तेरा. छप्पर पाडून तिथे मनोरा उभा राहिला तरी ती जागा वाटणीत येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये हा अर्थ नाकारला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना आणि दादरची कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटींना विकली होती. त्या आकड्यांसमोर मैदानाचा किंवा शंभर-दोनशे खोल्यांचा आग्रह धरणारा माणूस व्यवहार न कळणारा ठरतो.

गिरण्या तशाही मेल्या होत्या, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर आणि गुजरातेत निघून गेलं होतं, मोक्याची जमीन किती दिवस कुलपात ठेवायची, असा प्रश्न या टप्प्यावर विचारला जातो. प्रश्न वाजवी आहे. महामंडळाच्या विक्रीतून कामगारांची देणी भागली, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे मिळाले, हेही खरं. शिवाय १९९१ चा नियम दहा वर्षं कागदावरच राहिला. तेव्हा तो सैल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, असं सरकारतर्फे सांगितलं गेलं. पण मालक थांबले होते ते नियम अशक्य होता म्हणून, असं मानायला आधार कमी आहे. लोअर परळला जमिनीचे भाव ज्या वेगाने चढत होते त्या वेगात एक तृतीयांशसुद्धा थोडंथोडकं नव्हतं. नियम पुढेमागे बदलेल या अंदाजावर थांबणं त्यांना परवडत होतं आणि अंदाज बरोबर निघाला. कामगाराला थांबणं परवडत नव्हतं. त्याच्या वाट्याची घरं सोडतीने आली. जून २०१२ मध्ये ६,९२५, मग २०१६ मध्ये पनवेलजवळ कोनला, २०२० मध्ये वडाळ्याकडे आणखी काही हजार. अर्जदारांचा आकडा लाखाच्या वर. उरलेल्यांसाठी गेल्या काही वर्षांत शेलू आणि वांगणीचं नाव पुढे आलं, म्हणजे कर्जत लाइनवर, परळपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला तेव्हा घर मिळतंय त्यात नखरे कसले, अशी प्रतिक्रिया उमटली. १९०० साली आग्रीपाड्याला जायला तयार नसलेल्या हमालाबद्दलही ट्रस्टच्या मंडळाला असंच वाटलं असेल.

वरळीच्या त्याच बीडीडी चाळींत मात्र आता काहीतरी वेगळं घडतं आहे आणि ते नोंदवलं नाही तर हा युक्तिवाद एकांगी होईल. म्हाडामार्फत चाललेल्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर, त्याच जागी, पैसे न घेता देण्याचं ठरलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पहिल्या चाव्या मिळाल्या. खर्च त्याच जमिनीवर विक्रीसाठी बांधायच्या इमारतींतून काढायचा आहे, म्हणजे जुनी अट सुटलेली नाही. फक्त इथला भाडेकरू संघटित आहे, मतदार आहे आणि जमिनीचा मालक सरकार आहे, म्हणून त्याला हलवता आलं नाही. मुंबईच्या पुनर्विकासाच्या इतिहासात यापेक्षा बरा सौदा गरिबाला क्वचितच मिळाला असेल. पण त्यात एक गोष्ट कायमची संपते. ट्रस्टच्या आणि बीडीडीच्या चाळी, त्यांच्या सगळ्या उणिवांसह, नव्याने येणाऱ्याला भाड्याने मिळू शकणाऱ्या सार्वजनिक खोल्या होत्या. चिपळूण-साताऱ्याहून आलेला पोरगा मामाच्या खोलीत पथारी टाकून शहरात पाय रोवत असे. खोलीचं मालकीचं घर झालं की ती साखळी तुटते. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० ही तारीख आहे, तिच्या आधीचा पुरावा असेल तो मोफत घराला पात्र. नंतर २०११ पर्यंतच्यांना किंमत भरून घराची वाट काढून देण्यात आली. चाळींच्या पुनर्विकासातही यादी आज भाडेकरू असलेल्यांचीच असते. यादी करताना जो अजून शहरात आलेलाच नाही त्याचा रकाना नसतो, १८९८ च्या कायद्यातही नव्हता. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत पहारा करणारा, साफसफाई करणारा, दुपारचे डबे आणि पार्सलं पोचवणारा माणूस यामुळे दिव्याला, नालासोपाऱ्याला किंवा वांगणीला भाड्याने राहतो आणि सकाळी साडेसहाची लोकल धरून, ज्या गिरणीत त्याचा आजा कदाचित साच्यावर उभा असायचा, तिच्याच जागेवर कामाला येतो.